लेदर सीट साडेनऊ हजारात पण होतात आणि 85 हजारात पण, मग खरा भाव कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे की 2021 ची नेक्सॉन आहे, कापडी सीट आहेत, घरी दोन लहान मुलं आहेत आणि गाडी दिवसभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये उन्हात असते. लेदर सीट करायच्यात म्हणून तीन ठिकाणी विचारलं तर एकाने साडेनऊ हजार सांगितले, दुसऱ्याने 22 हजार आणि तिसऱ्याने 85 हजार. तिघंही 'लेदर'च म्हणाले. मग यातला लुटणारा कोण, आणि रंग कुठला घ्यावा.

मी पुण्यात 22 वर्षं हेच काम करतोय. सुरुवात नाना पेठेत एका गाळ्यात रिक्षाची हुडं आणि टेम्पोच्या सीट शिवण्यापासून झाली, आता फक्त कारची कामं घेतो. त्यामुळे सरळच सांगतो, बहुतेक तिघांपैकी कोणीच लुटत नाहीये. तिघं तीन वेगळ्या वस्तू विकतायत आणि तिन्हींना आपल्या बाजारात लेदरच म्हणतात. साडेनऊवाल्याचं रेक्झिन असणार, म्हणजे पीव्हीसी. 22 वाल्याचं पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं कृत्रिम लेदर, ज्याला दुकानात नापा, आर्ट लेदर, सॉफ्ट लेदर अशी काय काय नावं असतात. आणि 85 वाला बहुधा खरं चामडं सांगतोय. बहुधा म्हणालो, कारण ते तपासून घ्यावं लागतं, ते पुढे सांगतो. नापा या शब्दाचा खरा अर्थ मऊ, गुळगुळीत चामडं, पण आपल्याकडे आता तो शब्द कुठल्याही मऊ पीयूला चिकटवतात. गिऱ्हाईक विचारत नाही, दुकानदार सांगत नाही.

आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही हां. मर्सिडीज ज्याला आर्टिको म्हणते आणि बीएमडब्ल्यू ज्याला सेन्साटेक म्हणते ते दोन्ही कृत्रिमच आहे. लोक 50 लाखांच्या गाडीत त्यावर बसून 'लेदर काय मस्त आहे' म्हणतात. आपल्याकडच्या टॉप व्हेरियंटच्या ब्रोशरमध्येही नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी 'लेदरेट', म्हणजे कृत्रिम लेदर, लिहिलेलं असतं. म्हणून लेदर आहे की नाही हा तुमचा खरा प्रश्न नाहीये. तुमच्या वापराला, तुमच्या पार्किंगला आणि अजून किती वर्षं गाडी ठेवणार त्याला कुठला माल पुरेल, आणि पैसे मालात जातायत की शिलाईत की नुसते नावात, हा खरा प्रश्न आहे.

आता हिशोब मांडतो, माझ्याकडचा. शहर बदललं की आकडे वरखाली होणार, मुंबईत जास्त, सांगली-लातूरला मजुरी कमी, पण मांडणी तीच राहते. रेक्झिन आणि पीयू दोन्ही मीटरवर मिळतं, रुंदी 54 इंच. नेक्सॉनसारख्या पाच सीटरला हेडरेस्ट आणि आर्मरेस्ट धरून साधारण आठ मीटर लागतं, डायमंड क्विल्टिंग, म्हणजे शंकरपाळ्यांच्या आकाराची फुगीर शिलाई, हवी असेल तर नऊ धरा. चांगलं पीयू 550-600 रुपये मीटर धरलं तर माल झाला साडेचार-पाच हजारांचा. आतला फोम हजार-बाराशे. धागा, इलास्टिक, हूक, चेन मिळून पाचशे. कटिंग आणि शिलाई तीन हजार, बसवायचे हजार. दुकानाचं भाडं, लाईट, माझा नफा मिळून तीन हजार. तेरा-चौदा हजार झाले. म्हणजे 22 सांगणारा एकतर जास्त भारी माल वापरतोय, किंवा डोअर पॅड, स्टिअरिंग, गिअरचं कव्हर असं काहीतरी त्यात धरलंय, किंवा मग शोरूम आहे आणि तिथल्या एसीचे पैसे तुम्ही देताय. त्याला नुसतं विचारा की यात काय काय आलं आणि ते बिलावर लिहून घ्या. साडेनऊमध्ये पीव्हीसी आरामात बसतं, त्यात काही चमत्कार नाही.

खऱ्या चामड्याचा हिशोब वेगळा, कारण ते मीटरवर मिळत नाही, चौरस फुटावर मिळतं आणि जनावराच्या आकाराचं मिळतं. मोठं आख्खं कातडं 40-50 चौरस फुटांचं. पण त्याला कडेला पोटाचा भाग असतो तो ताणला जातो, मधे गोचिडांचे डाग, काटेरी तारेचे ओरखडे, कधी जुन्या जखमेची गाठ. बसायच्या जागी तसला तुकडा लावता येत नाही. म्हणून पंचवीस ते तीस टक्के माल वाया जातो हे आधीच धरायचं, आणि पाच सीटला शंभर-सव्वाशे फूट घ्यावं लागतं, म्हणजे तीन कातडी. गाडीच्या कामाचं बरं चामडं मला 180 ते 220 रुपये फूट पडतं, इम्पोर्टेड घेतलं तर त्याच्या दुप्पट. धारावीत चामड्याचा मोठा बाजार आहे पण तिथे बॅग, जॅकेट, पाकिटाचा माल जास्त, मी कारसाठी चेन्नईहून नाहीतर कानपूरहून मागवतो. म्हणजे नुसतं चामडंच 22-25 हजारांचं झालं. मजुरी दुप्पट ते तिप्पट, कारण एक कट चुकला की तो तुकडा गेला, पीयूसारखं परत रोल उलगडून कापता येत नाही. कारागीर आधी कातडं टेबलावर पसरून खडूने डाग गोल करून घेतो, मग कागदी साचे फिरवून फिरवून बसवतो, एका सीटचे दोन तुकडे एकाच कातड्याच्या एकाच भागातून यावेत असं बघतो, नाहीतर उन्हात दोन्हीचा रंग वेगळा दिसतो. या सगळ्याला सहा-सात दिवस जातात. सगळं धरून 55 ते 75 हजार होतात. 85 जास्त आहेत पण वेडेवाकडे नाहीत.

यात एक बारीक गोष्ट. कंपनीकडून येणाऱ्या बऱ्याच 'लेदर' सीटमध्येही खरं चामडं फक्त अंग टेकतं त्या भागाला असतं, बाजू आणि पाठीमागचा भाग कृत्रिम असतो. ही फसवणूक नाहीये, शहाणपणा आहे. तुम्हीही 85 वाल्याला म्हणा की बसायचा आणि टेकायचा भाग चामड्याचा कर, बाकी त्याच रंगाचं पीयू लाव. खर्च एक तृतीयांशाने खाली येतो आणि बाहेरून ओळखू येत नाही.

खरं आहे का हे कसं बघायचं. लोक पाण्याचा थेंब टाकायला सांगतात, त्याचा उपयोग नाही, कारण गाडीच्या चामड्यावर वरून रंगाचा आणि लॅकरचा थर असतो, थेंब तसाच राहतो. काडी पेटवून बघायला दुकानदार देणार नाही. सोपं म्हणजे कापलेला तुकडा मागा आणि उलटा करा. मागे विणलेलं कापड दिसलं तर विषय संपला. मागे लोकर खरवडल्यासारखे दाट, अस्ताव्यस्त तंतू दिसले तर चामडं. पण तिथेही थांबू नका, कडा बघा. चामड्याचा खालचा थर सोलून त्यावर जाड पीयूचा पापुद्रा चिकटवलेला माल पण येतो, त्याला स्प्लिट म्हणतात, मागून अगदी खरा दिसतो. तुकडा दोन बोटांत घडी घालून जोरात दाबा, वरचा थर प्लास्टिकसारखा वेगळा उचललेला दिसला तर तो स्प्लिट आहे, त्याला खऱ्याचे पैसे देऊ नका.

आता ज्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही ते, फिटिंग. माझ्याकडे परत दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या सात-आठ गाड्या मालामुळे नाही येत, फिटिंगमुळे येतात. आपल्याकडे दोन पद्धती आहेत. एक, मूळ कापडावरच वरून कव्हर चढवायचं, इलास्टिक आणि हूक लावून खाली ओढून बांधायचं, यालाच जास्त घट्ट मापात शिवलं की बकेट फिट म्हणतात. दुसरी, सीट गाडीतून काढायची, मूळ कापड उतरवायचं, आणि नवं कव्हर फोमवर थेट रिंगा मारून बसवायचं. दुसऱ्या पद्धतीत फोमच्या खाचांमध्ये ज्या तारा असतात त्यांना कव्हर ओढून रिंग लावतात, त्यामुळे सीटचा मूळ आकार जसाच्या तसा राहतो, चुण्या पडत नाहीत. मजुरी चार-पाच हजारांनी वाढते. मला विचाराल तर स्वस्त पीयू आणि दुसऱ्या पद्धतीची फिटिंग हे भारी पीयू आणि पहिल्या पद्धतीपेक्षा कधीही चांगलं. सीट उघडली की आत काय काय निघतं विचारू नका, परवा एका गाडीत पार्ले-जीचे तुकडे, अकरा रुपयांची चिल्लर, एक बाळीचा फिरकी स्क्रू आणि वाटीभर वाळू निघाली. बाई म्हणाल्या, ही तारकर्लीची, दोन वर्षांपूर्वीची.

टाके पण बघा. लोकांना वाटतं बारीक, जवळ जवळ टाके म्हणजे चांगली शिलाई. चामड्याच्या बाबतीत उलट आहे. इंचाला बारा-चौदा टाके घातले की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि दोन वर्षांत तिथूनच फाटतं. सहा-सात पुरे. धागा नायलॉनचा नाहीतर पॉलिस्टरचा बाँडेड, सुती धागा घामाने कुजतो.

एअरबॅगचं मात्र डोकं लावून ऐका. तुमच्या 2021 च्या गाडीत पुढच्या दोनच एअरबॅग आहेत, स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये, त्यामुळे सीट कव्हरने त्यांना अडथळा नाही. पण हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे सप्टेंबर 2023 नंतरची नेक्सॉन किंवा सहा एअरबॅगची कुठलीही गाडी आहे त्यांनी पुढच्या सीटच्या दाराकडच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी शोधावी. ती असली तर बाजूची एअरबॅग सीटच्या पोटात आहे आणि ती तिथली शिलाई फाडून बाहेर येते. मूळ सीटला तिथे मुद्दाम कमजोर धाग्याची शिवण असते. त्यावर जाड कव्हर डबल शिलाईने चढवलं की ऐनवेळी एअरबॅग उशिरा किंवा वाकडी उघडणार. एकतर ती बाजू उघडी सोडलेलं कव्हर घ्या किंवा एअरबॅगचा खास धागा वापरणाऱ्याकडेच जा, आणि तो कुठला धागा वापरतो ते प्रत्यक्ष रीळ बघून ठरवा. 'काही होत नाही साहेब' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

सीट काढायची असेल तर बॅटरीची तार आधी काढून काही मिनिटं थांबायचं असतं, सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा. मी सुरुवातीच्या काळात एकदा इग्निशन चालू असताना तो कनेक्टर काढला, एअरबॅगचा दिवा पेटला तो बंदच होईना, सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून घ्यायला माझ्या खिशातले पैसे गेले आणि गिऱ्हाईकाने महिनाभर फोन उचलला नाही. तेव्हापासून बॅटरीची तार काढल्याशिवाय आमच्याकडे कोणी पान्याला हात लावत नाही.

मागच्या सीटच्या बेल्टची बकलं हा दुसरा मुद्दा. स्वस्त कव्हरमध्ये ती खाली दाबून टाकतात, आपल्याकडे मागे बेल्ट लावायची सवयच नव्हती म्हणून कोणी तक्रार करायचं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, मागे बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते, त्यानंतर दोनेक महिने माझ्याकडे लोक नुसती गाडलेली बकलं वर काढून घ्यायला येत होते. तुमच्याकडे लहान मुलं आहेत, चाईल्ड सीट असेल तर मागच्या गादी आणि पाठीच्या फटीतली आयसोफिक्सची, म्हणजे चाईल्ड सीट अडकवायची, लोखंडी कडी पण उघडी राहायला हवी. गाडी ताब्यात घेताना तिथेच चाईल्ड सीट लावून बघा, घरी जाऊन नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण इथे मी छातीठोक उत्तर देऊ शकत नाही. तुमची गाडी उन्हात उभी असते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायन घातलेलं असतं, उन्हात ते हळूहळू उडून जातं. समोरच्या काचेवर आतून जो धुरकट तेलकट थर येतो ना, जो फडक्याने पुसला की अजूनच पसरतो, त्यात बराचसा वाटा याचा आणि डॅशबोर्डचा असतो. ते उडालं की रेक्झिन कडक होतं आणि तडकतं. पीयूला उन्हापेक्षा दमटपणाचा त्रास जास्त. ओल आणि उष्णता मिळून त्याचा थर आतून तुटत जातो आणि एक दिवस पापुद्रे निघायला लागतात, पँटीला काळे कण चिकटतात. म्हणून तोच रोल नागपूरला पाच-सहा वर्षं टिकतो आणि रत्नागिरीला तीन वर्षांत सोलतो, हे मी दोन्हीकडच्या गिऱ्हाईकांमुळे पाहिलंय. खरं चामडं दहा-बारा वर्षं जाऊ शकतं, पण त्याची काळजी घेतली तरच, आणि पावसाळ्यात गाडी महिना-दीड महिना बंद राहिली तर त्यावर बुरशी येते. चिपळूणच्या एका डॉक्टरांची गाडी अशी आली होती, काळ्या सीटवर पिठी साखर भुरभुरल्यासारखं पांढरं. पुसून निघालं, वास मात्र दिवाळीपर्यंत गेला नाही.

म्हणजे तुमच्यासाठी माझं मत असं: गाडी अजून तीन-चार वर्षंच ठेवणार असाल तर चांगलं पीयू, मूळ कापड काढून बसवलेलं, 17 ते 19 हजारांत. यात बसायच्या भागाला बारीक छिद्रांचं पीयू मागा, पाठीला घाम कमी येतो. साडेनऊवालं पीव्हीसी मी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सुचवणार नाही, मे महिन्यात हाफ पँट घातलेलं पोर त्यावर बसलं की ओरडतंच. आणि खऱ्या चामड्यासाठी दोन अटी पूर्ण व्हायला हव्यात, पार्किंग झाकलेलं आणि गाडी आठ वर्षं तरी विकायची नाही. तुमच्यात पहिलीच नाही. 85 हजार वाईट नाहीत, तुमच्या गाडीसाठी चुकीचे आहेत.

हे पैसे विकताना परत मिळतील का असं कोणी खाली विचारेलच. नाही मिळत. जुन्या गाड्यांचा डीलर सीट स्वच्छ आहेत का एवढंच बघतो. उतरवलेलं मूळ कापड मात्र फेकू देऊ नका, गोणीत भरून माळ्यावर टाका, कधीकधी तेच जास्त कामाला येतं. इन्शुरन्समध्ये हे काम नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून दाखवता येतं, थोडा हप्ता वाढतो, 15 हजारांच्या कामासाठी मी त्या भानगडीत पडणार नाही पण 80 हजारांचं केलं तर नक्की दाखवा आणि त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल हवं. वॉरंटीचं म्हणाल तर नुसत्या कव्हरने सहसा काही होत नाही, वायर कापली की कंपनी हात वर करते. सीटमध्ये गार हवेचा पंखा असलेल्या गाडीवर बिनछिद्रांचं कव्हर घालणारे महाभाग पण येतात, त्यांना काय बोलणार.

काळजी घ्यायला महागड्या बाटल्या लागत नाहीत. पीयूला ओलं फडकं आणि चिमूटभर सौम्य साबण. चामड्याला वर्षातून दोनदा कंडिशनर. खोबरेल तेल लावू नका, धूळ चिकटते आणि काही दिवसांनी खवट वास मारतो. सीट चमकाव्यात म्हणून डॅशबोर्डचं पॉलिश तर अजिबात नको, ब्रेक दाबला की पोरं घसरगुंडीसारखी पुढे येतात.

राहिला रंग. तुम्ही लिहिलंय की बायकोला बेज हवाय आणि तुम्हाला काळा. बेज शोरूममध्ये सुंदर दिसतो. मागच्या वर्षी एकाने अगदी पांढुरकं पीयू करून घेतलं, मी दोनदा नको म्हणालो. तीन आठवड्यांनी आला, ड्रायव्हर सीटवर दोन मांड्यांच्या आकाराचे निळे डाग, नव्या जीन्सचा रंग उतरलेला. तो रंग थरात आत जातो, घासला तर वरचं लॅकरच निघतं. काळा मळत नाही पण तुमच्या पार्किंगमध्ये दुपारी एक वाजता त्यावर बसून दाखवा. म्हणून अशा वेळी मी गुळाच्या ढेपेसारखा टॅन सुचवतो, बाजूंना गडद तपकिरी. जीन्स दिसत नाही, चॉकलेटचे हात दिसत नाहीत, काळ्याइतका तापत नाही. फक्त दुकानात ट्यूबलाईटखाली ठरवू नका, तुकडा बाहेर उन्हात नेऊन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बघा, आणि वहिनींनाच बघू द्या.